आलेखातील रंगांचे प्रामाण्य

अंधेरीच्या परिसरात लाल रंग आज तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. गुंदवलीहून दहिसरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या सातव्या मार्गाची ती ओळख आहे. पावसाळ्यात भारतीय हवामानशास्त्र विभाग जे इशारे प्रसृत करतो, त्यांतील सर्वांत गंभीर इशाऱ्याचा तो रंग आहे. आणि त्याच विभागाच्या मोसमी पर्जन्याच्या नकाशात सरासरीहून कमी पाऊस झालेला प्रदेश दाखविण्यासाठीही लालच रंग योजिलेला आहे. पहिल्या ठिकाणी तो केवळ ओळखीचा शिक्का असतो. दुसऱ्या ठिकाणी तो चढत्या श्रेणीतील शेवटची पायरी होतो. तिसऱ्या ठिकाणी तो मध्यापासून एका बाजूस झालेले विचलन दर्शवितो. रंग एक, कामे मात्र तीन.

संख्याशास्त्रीय संगणकभाषेत स्वतःची रंगमाला रचून ती आलेखास लावणे ही गोष्ट आज पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हातचा मळ झाली आहे. परंतु वरील तीन कामांपैकी कोणते काम रंगाकडून करून घ्यावयाचे, याचा निर्णय त्यापूर्वी झालेला असतोच असे नाही. आलेखाची मांडणी, मोजपट्टी, अक्षांचा आरंभबिंदू यांविषयी परीक्षक चिकित्सक असतात. रंगांची गोष्ट मात्र आवडीनिवडीची म्हणून सोडून दिली जाते. ही उपेक्षा योग्य नव्हे. रंगमाला ही आलेखाची सजावट नसून त्याच्या विधानाचा भाग आहे. म्हणून विधानास ज्या कसोट्या लावावयाच्या त्याच तिलाही लावल्या पाहिजेत.

हा विचार 'आर' या भाषेच्या आधारे करणे सोयीचे आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात ही भाषा घडविली. तिची पूर्वज 'एस' ही भाषा १९७६ च्या सुमारास बेल प्रयोगशाळांत जन्मास आली होती. 'आर'ची पहिली स्थिर आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य व मुक्त असल्यामुळे विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांत तिचा प्रसार झपाट्याने झाला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'फॉसी' प्रकल्पानेही तिच्या प्रसाराचे काम हाती घेतले. आलेखनासाठी तिच्यात हॅडली विकम यांचे 'जीजीप्लॉट-टू' हे संच विशेष रूढ आहे.

या भाषेत रंगमाला म्हणजे मुळात रंगांची एक यादी होय. प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या सोळा-आधारी संख्यांनी लिहिता येतो, किंवा भाषेने आधीच ठरविलेल्या नावाने सांगता येतो. अशी ६५७ नावे भाषेत आहेत व ती सर्व इंग्रजी आहेत. त्यांपैकी दोनशेहून अधिक नावे एकट्या करड्या रंगाच्या छटांची आहेत. यादी तयार झाली की ती आलेखास देणे एका ओळीचे काम आहे. हा सुलभपणाच प्रमादांचे मूळ ठरतो. कारण यादीतील कोणता रंग कोणत्या गटास जाईल, हे दोन तत्त्वांनी ठरू शकते: एक क्रमाने, दुसरे नावाने. यादीतील रंगांना नावे जोडलेली नसतील तर पहिला रंग पहिल्या गटास, दुसरा दुसऱ्यास, असे वाटप होते. आणि गटांचा क्रम वेगळा सांगितला नसेल तर तो वर्णानुक्रमाने लागतो. संशोधकाच्या मनातील क्रम आणि यंत्राचा वर्णानुक्रम हे एकच असतील, असे मानण्यास काहीही आधार नाही.

उपनगरांतील मेट्रोचेच उदाहरण घेता येईल. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा पहिला मार्ग निळा. दहिसर ते अंधेरी पश्चिम हा 'दोन-अ' मार्ग पिवळा. दहिसर ते गुंदवली हा सातवा मार्ग लाल. शेवटचे दोन मार्ग २०२२ च्या एप्रिलमध्ये अंशतः आणि २०२३ च्या जानेवारीत पूर्णतः खुले झाले. पिवळा मार्ग बोरिवलीच्या पश्चिमेकडून जातो, लाल मार्ग पूर्वेकडून. निळ्या मार्गाशी दोन्ही अंधेरीत जोडले जातात. या तीन मार्गांच्या प्रवासीसंख्येचा आलेख काढावयाचा आहे, आणि प्रत्येक रेषेस त्या त्या मार्गाचा रंग द्यावयाचा आहे, असे समजावे. संशोधक मार्गांच्या क्रमांकानुसार निळा, पिवळा, लाल अशी यादी देतो. माहितीच्या तक्त्यात मार्गांची नावे मराठीत असतील तर वर्णानुक्रमही निळी, पिवळी, लाल असाच येतो, आणि आलेख बरोबर उमटतो. परंतु तीच नावे इंग्रजीत असतील तर त्या भाषेच्या वर्णानुक्रमात निळ्यानंतर लाल व शेवटी पिवळी येते. परिणामी लाल मार्गाची रेषा पिवळी व पिवळ्या मार्गाची रेषा लाल निघते. आज्ञावलीत एका अक्षराचाही फरक झालेला नसतो. मराठीतील आलेख बरोबर आला तो केवळ योगायोगाने.

हा योगायोगही टिकाऊ नसतो. ठाणे-भिवंडी-कल्याण या पाचव्या मार्गास नारिंगी रंग दिलेला आहे. त्याची माहिती तक्त्यात घातली आणि नारिंगी रंग यादीच्या शेवटी जोडला, तर काय होईल? 'नारिंगी' हा शब्द वर्णानुक्रमात 'निळी'च्या आधी येतो. त्यामुळे नारिंगी मार्गास निळा रंग मिळतो, निळ्यास पिवळा, पिवळ्यास लाल आणि लाल मार्गास नारिंगी. एक नवा गट आला आणि चारही रेषा आपल्या रंगांस मुकल्या! यंत्राने कोणतीही तक्रार केलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीने चार गट आणि चार रंग यांचा हिशेब चोख जुळलेला असतो. 'आर'च्या मूळ आलेखनपद्धतीत तर रंग कमी पडले तरी काम अडत नाही. यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि दोन वेगळ्या गटांना एकच रंग लाभतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की आलेखाच्या कडेस सूची असतेच. ती पाहिल्यास कोणती रेषा कोणाची हे कळते. आक्षेप वरवर बरोबर आहे. परंतु ज्या वाचकास रंगांचा संकेत आधीपासून ठाऊक आहे, तो सूचीकडे पाहत नाही. घाटकोपरहून रोज निळ्या मार्गाने येणारा प्रवासी निळी रेषा पाहताच ती आपली म्हणून ओळखतो. सूची त्याच्यासाठी असते, परंतु तिची गरज त्याला वाटत नाही. म्हणजे विषयाशी ज्याचा परिचय अधिक, त्याचीच फसगत होण्याचा संभव अधिक. संकेत पाळण्याचा देखावा करून तो मोडणारा आलेख हा संकेत मुळीच न पाळणाऱ्या आलेखापेक्षा वाईट होय.

यावरील उपाय सोपा आहे. रंगमालेतील प्रत्येक रंगास ज्या गटासाठी तो आहे त्याचे नाव जोडून द्यावे. मग वाटप क्रमाने न होता नावाने होते. ही नावे देवनागरीत असण्यास कोणतीही अडचण नाही. नावात चूक झाली, 'पिवळी' ऐवजी 'पिवळा' असे लिहिले गेले, तर त्या गटास करडा रंग येतो व चूक डोळ्यांसमोर उभी राहते. क्रमाने दिलेली रंगमाला आपली चूक झाकते, नावाने दिलेली उघडी करते. संशोधनात दुसरीच पद्धत ग्राह्य मानली पाहिजे.

ओळखीच्या रंगांचा प्रश्न असा सुटला तरी श्रेणीच्या रंगांचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी रंगमालांचे तीन वर्ग रूढ केले: केवळ भेद दाखविणाऱ्या, कमीकडून अधिकाकडे चढत जाणाऱ्या, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंस फाकणाऱ्या. त्यांच्या रंगमाला 'आर'मध्येही सिद्ध स्वरूपात मिळतात. या वर्गीकरणाचे मर्म असे की माहितीचे स्वरूप आधी व रंग नंतर. हा क्रम उलटला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण हवामान विभागाच्या पूर्वोक्त पर्जन्य-नकाशात आढळते.

या नकाशात सरासरीपासूनचे विचलन टक्केवारीने दाखविले जाते. अधिक ६० टक्के वा त्याहून जास्त असल्यास गडद निळा, अधिक २० ते ५९ टक्क्यांस फिकट निळा, दोन्ही बाजूंस १९ टक्क्यांपर्यंत हिरवा, उणे २० ते ५९ टक्क्यांस लाल, उणे ६० ते ९९ टक्क्यांस पिवळा, आणि पाऊस मुळीच नसल्यास पांढरा, अशी ही योजना आहे. निळ्याची बाजू निर्दोष आहे: जितका पाऊस अधिक तितका रंग गडद. परंतु तुटीच्या बाजूस साधी तूट लाल आणि भीषण तूट पिवळी आहे. लाल हा पिवळ्यापेक्षा गंभीर, असा संस्कार वाचकाच्या मनावर झालेला असतो. आणि तो ज्यांनी केला त्यांत हाच विभाग आहे, कारण त्याच्या इशाऱ्यांत पिवळा हा सावध राहण्याचा, नारिंगी सज्जतेचा आणि लाल कृतीचा रंग आहे. अशा वाचकापुढे जून महिन्यातील नकाशा आला आणि त्यात मराठवाडा पिवळा व शेजारचा विभाग लाल असला, तर मराठवाड्याची स्थिती त्यातल्या त्यात बरी आहे असे तो समजेल. वस्तुस्थिती नेमकी उलट असेल.

या योजनेच्या बाजूनेही काही म्हणता येईल. पावसाचा अंश जसजसा घटतो तसतसा लाल, पिवळा, पांढरा असा नकाशा फिका होत जातो, ही एक संगती तीत आहे. शिवाय हवामानशास्त्रज्ञांची नजर तिला सरावलेली आहे, आणि वर्षानुवर्षांचे नकाशे परस्परांशी ताडून पाहावयाचे असतील तर रंग न बदलण्यातही लाभ आहे. हे मान्य केले तरी नकाशा केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. तो वृत्तपत्रांत छापला जातो व शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. संकेत जुना आहे हे त्याच्या सोयीचे कारण होईल, योग्यतेचे नव्हे. विद्यार्थ्याने तर या आकड्यांचा नकाशा स्वतः काढताना जुनी योजना आंधळेपणाने उचलू नये. तपकिरीपासून पांढऱ्यावरून निळसर हिरव्याकडे जाणारी ब्रूअर यांची रंगमाला या कामास अधिक योग्य आहे. तीत दोन्ही बाजूंस गडदपणा हेच विचलनाचे माप आहे.

मात्र योग्य रंगमाला निवडल्याने काम संपत नाही. तिचा मध्य योग्य जागी बसवावा लागतो. एखाद्या वर्षी विचलने उणे ८० पासून अधिक २० पर्यंत असली, आणि रंगपट्टी या दोन टोकांत आपोआप ताणली गेली, तर तिचा पांढरा मध्य उणे ३० वर येईल. म्हणजे ज्या विभागात पाऊस निश्चितपणे अपुरा झाला तोच नकाशात तटस्थ दिसेल, आणि सरासरी गाठणारा विभाग सुकाळाचा भासेल. मध्य शून्यावर बांधून टाकणे ही आज्ञावलीतील एक लहानशी सूचना आहे. पण ती दिली नाही तर दुष्काळ रंगाने पुसला जातो.

चढत्या श्रेणीतही असाच एक धोका आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यास तो केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. एका शहरातील उपनगर आणि बेट यांतील हे अंतर दाखविण्यासाठी शून्यापासून ९४४ पर्यंत एकच अखंड रंगपट्टी वापरली, तर कुलाबा पट्टीच्या सुमारे आठव्या टक्क्यावर पडतो, म्हणजे जवळजवळ कोरडा दिसतो. परंतु हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस 'जोरदार' या सदरात मोडतो, आणि २०४.५ पासून पुढचा 'अति तीव्र' ठरतो. ही शेवटची मर्यादाही त्या पट्टीच्या पहिल्या पावभागातच संपते. एका असामान्य नोंदीने सगळी पट्टी व्यापली आणि उरलेल्या नोंदींतील भेद नाहीसे झाले. येथे अखंड पट्टीऐवजी वर्गांच्या सीमा देऊन रंगांचे टप्पे पाडणे हितकर. मग सांताक्रूझ शेवटच्या टप्प्यात जाईल हे खरे. पण ९४४ या संख्येचे असाधारणत्व रंगाने न सांगता अंकानेच सांगावे. प्रत्येक गोष्ट रंगावर सोपविण्याचा हट्ट नको.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा भाषेने आपोआप दिलेले रंग का वापरू नयेत? त्याचे उत्तर त्या रंगांच्या घडणीत आहे. 'जीजीप्लॉट-टू' गटांसाठी जे रंग योजते, ते रंगचक्रावर समान अंतरांनी घेतलेले असतात आणि त्यांचा उजळपणा मुद्दाम सारखा ठेवलेला असतो. कोणताही गट दुसऱ्यापेक्षा ठळक दिसू नये, हा त्यामागील हेतू प्रशंसनीय आहे. परंतु त्याच गुणामुळे असा आलेख काळ्या शाईत छापला, किंवा प्रबंधाची छायाप्रत काढली, की सर्व रंग एकाच करड्या छटेत विरून जातात. पडद्यावर पाच रेषा होत्या. ग्रंथालयातील प्रतीत पाच सारख्या रेषा उरतात. पर्जन्याच्या नकाशाची गतही छायाप्रतीत वेगळी होत नाही: गडद निळा व लाल हे दोन्ही काळपट उमटतात, म्हणजे अतिवृष्टी व तूट एकरूप होतात. लाल-हिरव्याचा भेद न जाणवणारे वाचकही असतात. हा दोष मुख्यतः एक्स गुणसूत्राशी निगडित असल्याने पुरुषांत अधिक आढळतो. त्यांच्यासाठी लाल व हिरव्याच्या भेदावर उभा असलेला आलेख अर्धा वाचनीय ठरतो. २०२० साली 'आर'च्या चौथ्या आवृत्तीने आपल्या जुन्या भडक रंगांची मूळ यादी बदलली, आणि ओकाबे व इतो यांनी अशा वाचकांचा विचार करून रचलेली रंगमालाही उपलब्ध करून दिली, ती याच जाणिवेने.

चढत्या श्रेणीसाठी 'व्हिरिडिस' ही रंगमाला आज फार लोकप्रिय आहे. २०१५ साली ती पायथन भाषेसाठी सिद्ध झाली व नंतर 'आर'मध्ये आली. जांभळ्यापासून हिरव्यावरून पिवळ्याकडे जाताना तिचा उजळपणा एकसारखा वाढत जातो, त्यामुळे काळ्या शाईतही तिचा क्रम टिकतो. इंद्रधनुष्याच्या रंगपट्टीपेक्षा ती निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु तिचीही भक्ती डोळे मिटून करू नये. तिच्यात सर्वांत मोठी संख्या सर्वांत उजळ असते. पांढऱ्या कागदावर मात्र 'गडद ते अधिक' हीच वाचकाची स्वाभाविक समजूत असते. छापील पानासाठी तिची दिशा उलटी करणे बहुधा योग्य ठरते.

शेवटी अभिरुचीचा प्रश्न. अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी ही लुगड्यांच्या दुकानातील नावे मराठीची रंगसमृद्धी दाखवितात, आणि पैठणीच्या काठापदरावरून एखादी रंगमाला रचावी असे कोणास वाटल्यास त्यात गैर काही नाही. परंतु पैठणीतील रंग परस्परविरोधाने शोभतात. त्यांत चढउतार नसतो. म्हणून ही रंगमाला गटांच्या ओळखीस चालेल, साक्षरतेच्या वा पावसाच्या श्रेणीस चालणार नाही. सौंदर्य आणि सत्य यांचा येथे विरोध आहे असे मात्र नव्हे. सौंदर्याने आपले क्षेत्र ओळखावे, एवढेच.

सारांश, स्वतःची रंगमाला रचण्याचे स्वातंत्र्य हे स्वतःचे विधान करण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि त्याबरोबर त्या विधानाचे उत्तरदायित्व येते. प्रबंधात नमुन्याची निवड व कसोटीची निवड यांची कारणे द्यावी लागतात. त्याचप्रमाणे रंग ओळखीसाठी आहेत, श्रेणीसाठी आहेत की विचलनासाठी, त्यांचा मध्य व टोके कोठे बांधली आहेत, आणि ते नावाने जोडले आहेत की क्रमाने, हे दोन ओळींत सांगण्याची प्रथा विभागांनी पाडावी. परीक्षकाने आलेखाची एक प्रत काळ्या शाईत पाहिल्याखेरीज तो स्वीकारू नये. असे झाले तर अंधेरीचा लाल रंग तीन कामे करीत राहिला तरी कोणत्या पानावर तो कोणते काम करीत आहे, हे वाचकास निश्चित कळेल. आणि मराठवाड्याची तूट पिवळ्या रंगाआड लपणार नाही.